अंगावर काढलेलं

दूध केंद्रावरच्या कारकुनानं गाळणीचं कापड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भिंगऱ्या, हे काय आणलंस रे?"

पांढऱ्या कापडावर एक बारीक लाल तार उमटली होती. बोटभर लांब, केसाएवढी जाड.

"रक्त आहे हे. कुठल्या तरी गाईची कास बिघडलीय. ने परत."

"सगळ्या कासा मी रोज हाताखालून घालतो."

"मग आज जरा नीट घाल. टँकरमध्ये गावाचं दूध एक होतं. तुझ्या एका कॅनपायी सगळ्यांचं नासवू का?"

"गुलाबी दूध!" मागून कुणीतरी म्हणालं. "पोरं आवडीनं पितील." रांग हसली. भिंगऱ्यानं कॅन उचलून पुन्हा हातगाडीवर ठेवला. त्याचे कान तापले होते, आणि घाईत गाडीचं चाक स्वतःच्याच पायावरून गेलं तेव्हा रांग दुसऱ्यांदा हसली.

भिंगऱ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून बूड टेकून बसणं त्याला माहीतच नव्हतं. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा, झोपला तरी पायाचा अंगठा हलता. त्यात त्या थंडीत तर बसायची सोयच नव्हती. कुरणात गवत म्हणावं तसं वाढलं नव्हतं. कुरणाच्या ओढ्याकाठच्या तुकड्यावरून धाकट्या भावाशी फाटलं होतं. एकाच गोठ्याला मधून भिंत घालून दोघं दोन बाजूंना राहत होते, आणि एकाची गाय हंबरली तरी दुसरा वर बघत नव्हता. गायी एकीपाठोपाठ एक व्यात होत्या. राबायला तो, त्याची बायको, आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडायला म्हातारी आई.

घरी आल्या आल्या त्यानं काळी थाळी घेतली. एकेका गाईखाली बसून चारही सडांच्या पहिल्या धारा त्या थाळीत पिळल्या. गुठळी नाही, लाली नाही. कासेला गाल लावून पाहिला, ऊन नाही. सगळ्या गायी स्वच्छ होत्या. शेवटच्या गाईखाली बायको बसली होती. गाईच्या पोटाला डोकं टेकून, डोळे मिटून ती धार काढत होती. तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी होती, आणि चिंधीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता.

"हे काय?"

"थंडीनं फुटलाय हो. चीर पडलीय एवढीशी."

"कधी?"

"काल सकाळी."

"काल सकाळच्या चिरेचं रक्त आज थांबत नाही?" त्याला एकाच वेळी हायसंही वाटलं आणि रागही आला. "तुझ्या अंगठ्यापायी चार माणसांत माझं नाक कापलं गेलं आज. गाईचा संशय घेतला त्यांनी."

चिंधी सोडून तिनं अंगठा तोंडात धरला. मग "चला, वासरांना सोडते," म्हणाली, तेव्हा तिचे दात लाल दिसले. अंगठ्याचंच रक्त असेल असं त्याला वाटलं.

दूध काढणं त्यानं आपल्याकडे घेतलं आणि तिला गवताकडे लावलं. तिचा हात मंदावला होता. पेंढी उचलायची, मध्येच थांबायचं, दाराच्या चौकटीला टेकायचं. म्हातारी अंगणातून बघत होती. "हिच्यात जोर राहिला नाही पूर्वीसारखा," ती म्हणाली. "आमच्या वेळी आम्ही बाळंतपण उरकून तिसऱ्या दिवशी शेण काढायचो."

"तुमच्या वेळी गायीसुद्धा स्वतःच दूध काढून द्यायच्या," भिंगऱ्या म्हणाला. बायको तेवढ्यावर हसली. त्या आठवड्यातलं ते तिचं एकच हसू.

दोन दिवसांनी ती माळ्यावर चढत होती आणि तो खालून शिडी धरून होता. तिच्या पोटऱ्यांवर निळे-जांभळे डाग होते. काही जुने, पिवळट पडलेले. काही ताजे.

"लाथ मारली कुणी?"

"मारली असेल. आठवत नाही."

"लाथ विसरतं का कुणी?"

ती उत्तर द्यायला वळली आणि तिथेच शिडीवर बसली. मग हळूहळू, पोतं घसरावं तशी, एकेका पायरीवरून खाली आली. त्यानं तिला धरलं. तिचे कपडे मागून ओले होते. गोठ्यात काहीही ओलं असू शकतं. पण त्यानं हात पाहिला तर तळवा लाल होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, खिळा लागला. मग उमगलं.

"हे कधीपासून?"

"होतं बायकांना."

"इतकं?"

तिनं मान फिरवली. म्हातारी काठी टेकत आली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "वयाचा पालट आहे. मलाही महिना महिना जायचं. कुणाला सांगितलं नाही. सगळं अंगावर काढलं."

भिंगऱ्या उभा राहिला. व्यालेल्या गाईला इतकं गेलं असतं तर तो ढोरांच्या डॉक्टरला घेऊन अनवाणी धावत आला असता. अडलेलं वासरू फिरवायला खांद्यापर्यंत हात आत घालणारा माणूस तो. आणि स्वतःच्या बायकोला "किती जातंय" एवढं विचारताना त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती.

तालुक्याच्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, पोटाचा फोटो काढला. पिशवीत बोराएवढी गाठ होती. "बऱ्याच बायकांना असते," त्या म्हणाल्या. गोळ्या संपल्या तरी वाहणं थांबेना. बायकोचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. संध्याकाळी ताप चढायचा. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "पिशवी काढून टाकू."

"वासरं जरा मोठी होऊ देत ना," बायको म्हणाली.

"वासरांना आई आहे. तुमची काळजी कोण करणार?"

म्हातारीला बरं वाटलं. "सुटेल एकदाची," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या सकाळी प्रयोगशाळेतल्या मुलीनं बायकोच्या हातातून रक्त घेतलं आणि सुईच्या जागी कापूस दाबायला सांगितला. कापूस भिजला. दुसरा दिला, तोही भिजला. भिंगऱ्या दाबून धरायचा, उचलून बघायचा, पुन्हा दाबायचा. मुलगी परत आली, दुसऱ्या हातातून रक्त घेऊन गेली. नंतर बराच वेळ कुणी आलं नाही. आल्या त्या डॉक्टरबाईच. डोक्यावर टोपी होती, पण हातमोजे काढलेले.

"आज ऑपरेशन होणार नाही."

"का? उपाशी ठेवलंय तिला सकाळपासून."

"ऐका माझं. हिचं रक्त गोठतच नाहीये. मी सुरी लावली असती तर ती टेबलावरच गेली असती." त्यांनी खुर्ची ओढली, पण त्याही बसल्या नाहीत. "दुखणं पिशवीचं नाही. रक्ताचं आहे. मोठ्या दवाखान्यात मी बोललेय. आत्ता निघा. घरी जाऊ नका, कपडे आणायलासुद्धा नाही."

"पण गायी..." त्याच्या तोंडून निघून गेलं. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कास काही थांबत नाही. संध्याकाळी दूध काढलं नाही तर गायी रात्रभर हंबरतील आणि सकाळी खरोखरच कासा बिघडतील. म्हातारीच्या हातून एक गाय होणार नाही.

त्यानं व्हरांड्यात जाऊन धाकट्या भावाला फोन लावला. कुरणाच्या भांडणापासून दोघं बोलले नव्हते.

"मी बोलतोय."

"बोल."

"संध्याकाळचं दूध काढायचंय."

"वहिनी कुठे?"

"मोठ्या दवाखान्यात नेतोय."

"ती तांबडी अजून डावीकडूनच बसू देते का?"

"हो. आणि आधी तिला हाक मारावी लागते."

"माहितेय. ठेव फोन."

रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती, परतायला संध्याकाळ झाली असती. नाक्यावर दुधाचा टँकर उभा होता. चालक ओळखीचा, तोंडाळ माणूस. एरवी त्याच्याबरोबर कुणी बसायचं नाही, कान किटायचे. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं आणि आपल्या बसायच्या जागेमागच्या बाकावरची गोधडी झटकली. "झोपवा वहिनींना इथं. खड्डा लागू देत नाही." आणि खरोखर, सगळ्या रस्त्यात तो एक शब्द बोलला नाही. मागच्या टाकीत गावाचं दूध हिंदकळत होतं. भिंगऱ्या बाकाच्या कडेला अर्धा टेकून, एक हात तिच्या कपाळावर आणि एक दाराच्या कडीवर ठेवून होता. तिच्या नाकातून रक्ताची रेघ आली. त्यानं बाहीनं पुसली. पुन्हा आली.

मोठ्या दवाखान्यात रक्ताच्या विकारांची डॉक्टर वेगळी होती. तरुण, आखूड केसांची, पायात कापडी बूट. चालता चालताच ती प्रश्न विचारत होती. "पाळी शेवटची नीट कधी आली होती?"

डॉक्टरनं त्याच्याकडे पाहिलं. भिंगऱ्याला गोठ्यातल्या एकेका गाईची तारीख तोंडपाठ होती. कोण कधी माजावर आली, कोण कधी गाभण राहिली. हे त्याला ठाऊक नव्हतं. तो स्ट्रेचरची दांडी चाचपत राहिला.

"कवडी व्यायली ना, त्याच्या आदल्या दिवसापासून," बायको स्ट्रेचरवरून म्हणाली. "तेव्हापासून थांबलंच नाही."

"कवडी कोण?"

"गाय," तो म्हणाला, आणि कवडी व्यायल्याची तारीख त्यानं झटकन सांगितली.

डॉक्टरनं मनाशी हिशेब केला. "एवढे दिवस तुम्ही उभ्या होतात?" ती बायकोला म्हणाली. बोलण्यात रागही होता, कौतुकही होतं.

कमरेच्या हाडात सुई घालून त्यांनी आतला मगज काढला. संध्याकाळ व्हायच्या आत डॉक्टर बाहेर आली. दोघांना एकत्रच सांगते म्हणाली. बायकोच्या खाटेपाशी उभी राहिली.

"हा रक्ताचा कर्करोग आहे. दुर्मिळ जातीचा. यात रक्त गोठायची ताकदच संपते. हिरड्यांतून येतं, अंगावर डाग पडतात. आणि बाईच्या जातीला कधी कधी सगळ्यात आधी पाळीतूनच दिसतं. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, पिशवीचंच काहीतरी."

कर्करोग हा शब्द ऐकल्यावर भिंगऱ्याला पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यानं विचारलं, "मरेल?"

"अहो!" बायको म्हणाली.

"पुढचे काही दिवस वाईट आहेत," डॉक्टर म्हणाली. "डोक्यात रक्त उतरलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही. पण हे दिवस निघाले, तर रक्ताच्या कर्करोगात याच्याइतकी बरी होणारी जात क्वचितच असेल. एक गोळी आत्ताच सुरू करतेय, पक्क्या रिपोर्टची वाट न बघता. दुसरं औषध सलाईनमधून. ते सोमलापासून केलेलं असतं."

"सोमल?"

भिंगऱ्या लहान असताना शेजाऱ्याच्या गाईला कुणीतरी सोमल घातला होता. दात खात, पाय झाडत ती दिवसभर मरत होती. तो कुंपणावर बसून बघत होता, आणि कुंपणावरून कुणी उतरवलं तेव्हा त्याला चालता आलं नव्हतं.

"सोमल घालतात ते जनावर मारायला," तो म्हणाला. "डॉक्टरबाई, माझी बायको आहे ती."

"तोच सोमल. पण मापानं दिला की तोच या पेशींना वठणीवर आणतो."

"नको. दुसरं काहीतरी बघा. आमच्याकडे..."

"तुम्ही जरा बाहेर फेऱ्या मारून या," बायको म्हणाली. आवाज बारीक होता, पण गोठ्यात अडेल गाईला बाजूला सारताना लागायचा तोच. मग ती डॉक्टरकडे वळली. "घाला. मारायचं असतं तर इतकं मापून कुणी घातलं असतं?"

त्यानं खरोखर फेऱ्या मारल्या. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. बायकांच्या कक्षात पुरुषांना ठरल्या वेळीच सोडायचे. उरलेला वेळ तो काचेच्या दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून दारापर्यंत. अंगाला गोठ्याचा वास होता, तो आठवड्यानंही गेला नाही. बाकावर कुणी बसलेलं असलं की तो जवळ येताच सरकून बसायचं. पहारेकरी वैतागला. "ओ दादा, एका जागी बसा की. फरशी झिजेल."

"बसून काय करू?"

"दुसरे काय करतात? तेच."

रक्त लागत होतं, रक्तातलं पिवळं पाणी लागत होतं, रक्त थांबवणाऱ्या पेशींच्या पिशव्या लागत होत्या. आज दोन चढवल्या की उद्या पुन्हा तेवढ्याच. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटा भाऊ टँकरमधून उतरला. बरोबर केंद्रावरच्या रांगेतले चार जण होते, सकाळचं दूध घालून तसेच आलेले. भावानं भिंगऱ्याकडे पाहिलंही नाही. सरळ रक्तपेढीच्या खिडकीशी गेला आणि बाही वर केली. यंत्राला जोडलेल्या खुर्चीत तो पडून होता तेव्हा भिंगऱ्या जवळ जाऊन उभा राहिला.

"तांबडी बसू देते?"

"पहिल्या दिवशी बादली उडवली. आता देते." भाऊ नळीतून जाणाऱ्या आपल्या रक्ताकडे बघत म्हणाला, "आई जेवत नाही. मीच तिला अंगावर काढायला लावलं म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून बसते."

"तिला सांग, माझंही तेच झालंय."

"तूच सांग. मी काय तुमचा टपालवाला आहे?"

भिंगऱ्यानं संध्याकाळी आईला फोन केला. ती रडली, मग ओरडली, मग सोमलाचं कळल्यावर तिनं डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळ्यात शेवटी ती म्हणाली, "तिला म्हणावं, लेकी..." आणि पुढे तिला काही सुचलं नाही. एवढ्या वर्षांत तिनं सुनेला लेक म्हटलं नव्हतं.

एका पहाटे बायकोचं डोकं भयंकर दुखू लागलं. नर्स धावली, खाट ढकलत फोटोच्या खोलीत नेली. भिंगऱ्या मागे धावला आणि दारात अडवला गेला. दाराची कडी धरून तो उभा राहिला. डॉक्टर कापडी बुटांनी पळत आली, आत गेली. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला घाम होता. "डोक्यात काही नाही. औषधाचंच दुखणं आहे. कमी होईल." भिंगऱ्याच्या हातात कडी निघून आली होती. ती त्यानं मुकाट्यानं पहारेकऱ्याला दिली. पहारेकऱ्यानंही मुकाट्यानं घेतली.

त्यानंतर हळूहळू उतार पडला. अंगठ्याची चीर भरली. हिरड्या कोरड्या झाल्या. अंगावर जाणं आधी कमी झालं, मग पाळी रोखायच्या औषधानं पुरतं बंद झालं. पोटऱ्यांवरचे डाग जांभळ्याचे हिरवे आणि हिरव्याचे पिवळे झाले. महिना उलटल्यावर ती घरी आली, पण सुटका नव्हती. सोमलाच्या सलाईनसाठी पुन्हा पुन्हा दवाखाना. काही आठवडे रोज, मग सुट्टी, मग पुन्हा रोज. जायची यायची सोय टँकरनं. बाकावरची गोधडी चालकानं तिच्यासाठी म्हणून वेगळीच ठेवली, आणि आता मात्र तो वाटभर बोलायचा.

भिंगऱ्याला घर आणि दवाखाना एकट्यालाच ओढावा लागला. दोन गायी विकाव्या लागल्या. कवडीला नेताना बायको खिडकीत बसून होती. त्या दिवशी ती जेवली नाही. कुरणाचं भांडण मिटलं नाही. गोठ्यातली भिंतही तशीच राहिली. फक्त ज्या दिवशी भिंगऱ्या दवाखान्यात असे त्या दिवशी भाऊ भिंतीला वळसा घालून येई, दूध काढी, आणि जाता जाता म्हातारीला म्हणे, "सांग त्याला, ओढ्याकाठचा तुकडा माझाच आहे."

थंडी पुन्हा तोंडावर आली तेव्हा उपचार संपले. डॉक्टर म्हणाली, "रक्तात आता काही दिसत नाही. पण नेमानं तपासत राहायचं." दिसत नाही म्हणजे नाही, की दिसत नाही एवढंच, हे त्याला विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही.

काही आठवड्यांनी एका सकाळी ती वासरांना पाणी पाजत होती आणि तो शेण भरत होता.

"अहो."

तिच्या आवाजानं त्याच्या हातातलं घमेलं खाली आलं.

"आलंय," ती म्हणाली.

"काय?"

"रक्त."

वासरानं तिच्या हातातली बादली ढोसली आणि पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. त्यानं अंगठा बघितला, हिरड्या बघितल्या, पोटऱ्या बघितल्या. अंगणात, म्हातारीच्या देखत, काही लाज न धरता. कुठे काही नव्हतं. "किती जातंय?" त्यानं विचारलं. "कळत नाही हो," ती म्हणाली. "भीतीच इतकी वाटतेय की कळत नाही."

टँकर निघायच्या बेतात होता. चालकानं दोघांची तोंडं पाहिली आणि पुन्हा सगळी वाट गप्प राहिला.

दवाखान्यात रक्त घेतलं. सुईच्या जागी कापूस लावला. दोघंही त्या कापसाकडे टक लावून बसले. भिंगऱ्या उठला, बसला, पुन्हा उठला. बायकोनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि सोडलं नाही. डॉक्टर आली तेव्हा कागद तिच्या हातात होता आणि चेहऱ्यावरून काही ओळखू येत नव्हतं. खुर्ची ओढून ती समोर बसली.

"रक्त उत्तम आहे," ती म्हणाली. "गोठतंय. पेशी छान. पाळी रोखायचं औषध आपण बंद केलं ना, मग ती येणारच होती. साधी पाळी आहे ही. आजाराआधी तुम्हाला येत होती तशीच."

बायको आधी हसली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. डॉक्टर थोडा वेळ बसून राहिली आणि मग दुसऱ्या खाटेकडे गेली.

"घरून आणलेलं कापड संपलंय," बायकोनं डोळे पुसत हळूच सांगितलं. "खाली औषधाच्या दुकानात पॅड मिळतील. मी जाते."

"तू बस. मी आणतो."

"तुम्हाला मागता येतील?"

तो जिना उतरून गेला. दुकानात गर्दी होती. पाच-सहा माणसं, त्यांत दोन पुरुष. काउंटरमागच्या बाईनं विचारलं, "काय हवंय?" त्यानं सांगितलं. आवाज गोठ्यातला होता, सगळ्यांना ऐकू गेला. बाईनं फळीवरची दोन-तीन पुडकी पुढ्यात ठेवली, लहान, मोठं, त्याहून मोठं.

"कुठलं देऊ? जास्त जातंय का?"

"नाही, नाही," भिंगऱ्या म्हणाला. त्याला एकदम इतकं हसू आलं की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. "सगळ्या बायकांना जातं तेवढंच."